घरपट्टी भरायची, हिशेब कुणाला विचारायचा?

वसई-विरारमध्ये ‘सरकार केवढे असावे’ हा प्रश्न 2009 पासून रस्त्यावर आहे. त्या वर्षी 3 जुलैला चार नगर परिषदा आणि भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका झाली आणि ‘आमची गावे आम्हाला परत द्या’ म्हणत या गावांचा हरित पट्टा आंदोलनात उतरला. 2011 मध्ये शासनाने 29 गावे वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण उच्च न्यायालयात अडकले आणि 2024 मध्ये शासनानेच ती अधिसूचना मागे घेतली. या भांडणाकडे वाढीव घरपट्टीची कुरकुर म्हणून पाहिले गेले. खरे दुखणे मात्र कर किती याच्याइतकेच, त्याचा जाब कुठे विचारायचा हे आहे.

ग्रामपंचायत गेली तेव्हा गावाची ग्रामसभाही गेली. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी सरपंचाला समोर बसवून ‘गटाराचे पैसे कुठे गेले’ असे विचारण्याचा कायदेशीर हक्क त्याबरोबर संपला. योगायोग असा, की शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महापालिका कायद्यात आली तीही 2009 मध्येच. ती कागदावरच राहिली. पुढे जून 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांनी कारभार पाहिला. साडेपाच वर्षे बिले वेळेवर येत राहिली, पण अंदाजपत्रकावर बोलायला निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. त्यातच 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून शहराच्या जुन्या स्थानिक कराची जागा राज्याच्या भरपाईने घेतली. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडेच तोंड राहते. पालिकेचे तोंड मंत्रालयाकडे वळले.

यावर म्हटले जाते, की लहान ग्रामपंचायतींच्या बळावर सूर्या प्रकल्पाचे पाणी आले असते का? नसते आले. 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वस्तीला पाणी, मलनिस्सारण आणि कचरा यांची एकत्र व्यवस्था लागते. म्हणूनच पालिका मोडा, असे इथे म्हणणे नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचरा आहे: नगरसेवक होते तेव्हा तरी काय दिवे लागले? नालासोपाऱ्यात मलनिस्सारण प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने पाडाव्या लागल्या. आक्षेप खरा आहे, पण त्यातून प्रशासकराज चांगले असे निघत नाही. अनधिकृत बांधकामाकडून कायदा कराबरोबर शास्तीही घेतो. पैसा तिजोरीत येतो, न्यायालयाचा आदेश येईपर्यंत बांधकाम जागेवर राहते आणि भूखंड गेला कसा, हे विचारायला वस्तीकडे व्यासपीठच नसते. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. राखीव भूखंडावर पाया खणला जातो, तेव्हा त्या आठवड्यात बोलता यायला हवे.

म्हणून नव्या सभागृहाने घरपट्टीचा दर ठरवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्रभाग समितीत किती कर जमला आणि तिथेच किती खर्च झाला, हे बिलाच्या पाठीवर छापावे. आणि पूर्वी ग्रामसभा भरायची त्याच चार दिवशी क्षेत्रसभा भरवावी, गावांत आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतही. कर कमी झाला नाही तरी चालेल. तो घेणाऱ्याने वर्षातून चारदा समोर येऊन बसावे.