पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची

रणांगणावर मिळविलेला विजय गृहिणीच्या स्वयंपाकघरात टिकेलच, याची शाश्वती लोकशाहीत कोणालाही देता येत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी याचा कटू अनुभव घेतला. १९९१ च्या फेब्रुवारीअखेर कुवेत मुक्त झाले, तेव्हा गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के अमेरिकनांनी त्यांच्या कारभाराला पसंती दिली होती. अवघ्या वीस महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पदरी जेमतेम ३७ टक्के मते पडली आणि बिल क्लिंटन अध्यक्ष झाले. १९९२ च्या जूनमध्ये बेकारी ७.८ टक्क्यांवर गेली होती. मंदी मार्च १९९१ मध्येच संपल्याचा निर्वाळा अर्थतज्ज्ञांच्या समितीने दिला खरा. पण तो डिसेंबर १९९२ मध्ये, निकाल लागून गेल्यावर!

मतदाराला कृतघ्न म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरातील कमावता हात रिकामा झाला, त्याने आकडेवारीवर विश्वास का ठेवावा? २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली होती. २०२४ च्या निवडणुकीपर्यंत हा दर बराच उतरला, तरी दुकानातील वाढलेल्या किमती काही मागे आल्या नाहीत. सत्तारूढ डेमोक्रॅटिक पक्षाच्या पराभवात या जळजळीचा वाटा मोठा होता. लोकप्रियतेचा निवाडा असा आजच्या खिशावरून होतो. इतिहासाचा निवाडा मात्र वेगळ्या तराजूने होतो.

जिमी कार्टर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील महागाईची वार्षिक सरासरी साडेतेरा टक्के होती. तिला आवर घालण्यासाठी कार्टर यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांना तेथील मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखपदी नेमले होते. व्होल्कर यांनी पतपुरवठा आवळला, व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या घरात गेले. आधीच इराणमधील ओलिसांच्या प्रकरणाने घायाळ झालेल्या कार्टर यांना ५० पैकी केवळ ६ राज्ये जिंकता आली. त्याच औषधाने आरंभी रोनाल्ड रेगन यांचेही तोंड पोळले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली आणि त्यांची लोकप्रियता ३५ टक्क्यांपर्यंत घसरली. परंतु त्यांनी व्होल्कर यांना दूर केले नाही. उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमले. महागाई सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आली, कारखाने पुन्हा धडधडू लागले आणि १९८४ मध्ये रेगन यांनी ४९ राज्ये जिंकली. पेरणी कार्टर यांच्या काळात झाली, राखण रेगन यांनी केली, सुगीही त्यांच्याच खळ्यात आली.

बुश यांचेही तेच. नवे कर न लादण्याचे १९८८ चे वचन त्यांनी वाढती तूट पाहून १९९० मध्ये मोडले आणि स्वपक्षीयांचाच रोष ओढवून घेतला. १९९८ पासून अमेरिकेचा अर्थसंकल्प सलग चार वर्षे शिलकीचा राहिला. त्यात क्लिंटन यांच्या धोरणांचा आणि तेजीचा हात होताच, पण पाया घालण्यात बुश यांचाही वाटा होता. त्या निर्णयातील धैर्याबद्दल केनेडी यांच्या स्मृत्यर्थ दिला जाणारा सन्मान त्यांना मिळाला, तो २०१४ मध्ये!

हे वाचताना आपल्या मनात २००४ जागे झाल्यावाचून राहत नाही. अटलजींच्या सरकारने सुवर्ण चतुष्कोन महामार्ग हाती घेतला, १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आणले, २००३ मध्ये वित्तीय शिस्तीचा कायदा केला. २००३-०४ मध्ये विकासदर आठ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. त्या विश्वासाने निवडणूक मुदतीपूर्वी घेतली गेली आणि भाजपाच्या जागा १३८ वर आल्या. नंतरच्या तेजीचे श्रेय दुसऱ्यांनी मिरविले. पराभवाला आघाड्यांच्या गणितासह अनेक कारणे होती. तरीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, २००२ च्या दुष्काळाने पोळलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचण्याआधीच आपण त्या चमकीची जाहिरात केली.

यातून राज्यकर्त्याने काय शिकावे? 'पी हळद आणि हो गोरी' असे अर्थकारणात घडत नाही. कडू औषध द्यायचे असेल तर ते सत्तेच्या आरंभी द्यावे, त्याचा भार दुर्बलावर पडू देऊ नये आणि त्याचे कारण जनतेला स्वच्छ शब्दांत सांगावे. फळ आपल्याच हयातीत मिळेल, हा हट्ट मात्र सोडावा.

आणि कार्यकर्त्याने? पं. दीनदयाळजींनी लोकमत-परिष्काराचा आग्रह धरला, तो याचसाठी. लोकमताच्या मागे धावणे सोपे. ते सुजाण करणे हे वर्षानुवर्षांचे, घरोघरी जाऊन करावयाचे काम आहे. महागाईने त्रासलेल्या गृहिणीचे गाऱ्हाणे आधी मनापासून ऐकावे, मग देशाच्या उद्याविषयी बोलावे. आमराई लावणारा स्वतः आंबे खाईलच असे नाही. पण नातवंडांना ती कोणी लावली हे सांगणारे कोणीतरी घरात असावे लागते.