विभागप्रमुखांनी आधी ऐकून घ्यावे



नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले. मुख्य विषयाला जोड विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि या सगळ्याचे श्रेयांक, असा हा मोठा पसारा आहे. एका विभागाने दुसऱ्याशी बोलल्याशिवाय साधे वेळापत्रकही जमत नाही. अशा वेळी आपल्या महाविद्यालयांतला संवाद मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येऊन थांबला आहे.

विभागाची बैठक कशी होते, ते मी नोकरीत असताना अनेकदा पाहिले आहे. विभागप्रमुख तयार वेळापत्रक वाचून दाखवतात, "काही शंका?" असे विचारतात आणि सह्यांची वही फिरते. तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसून असतो. पुढच्या वर्षीची नेमणूक ज्यांच्या शब्दावर ठरणार, त्यांच्यासमोर तो शंका काढणार कशी? मग रात्री नऊला संदेश येतो, "उद्या दहा वाजता कोल्हापुरात कार्यशाळा, उपस्थिती अनिवार्य." खाली ओळीने "नोटेड सर". दाजीपूरकडच्या वाड्यांवरून पहिल्या एसटीने आलेली मुले दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात बसतात.

परीक्षा आणि प्रवेशाच्या धामधुमीत चर्चेला वेळ नसतो, तिथे हुकूम हवाच, हे मला मान्य आहे. पण कार्यभाराची वाटणी, अभ्यासक्रम, जोड विषयांची निवड ही कामे हुकमाने होत नाहीत. "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंग काढून घेणारे प्रमुखही तितकेच नुकसान करतात. सगळ्यांचे ऐकून निर्णय घ्यावा, त्याची कारणे सांगावीत आणि जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी, याला नेतृत्व म्हणतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने अभ्यास मंडळांत संलग्न महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना जागा दिली आहे. आपल्याच विभागात काय म्हणतात हे ज्याला ठाऊक नाही, तो मंडळात कोणाची बाजू मांडणार? राधानगरीशेजारच्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारणारे डॉ. जे. पी. नाईक पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. गावपातळीवरचा अनुभव देशाच्या धोरणापर्यंत पोहोचतो, याचा दाखला आपल्याच भागात आहे. त्यासाठी वर बसलेल्याने खालचे ऐकले मात्र पाहिजे.

म्हणून आपली महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, त्या विद्यापीठाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक विभागाची महिन्याला एक बैठक व्हावी आणि तिची विषयपत्रिका आधी मिळावी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना बैठकीत बोलण्याचा हक्क असावा आणि सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. मतभेदांसह इतिवृत्त लिहिले जावे आणि शैक्षणिक तपासणीच्या वेळी ते पाहिले जावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. विद्यापीठाने एक परिपत्रक काढले, तर याच सत्रापासून सुरुवात होऊ शकते.

— एक निवृत्त प्राध्यापक, राधानगरी, जि. कोल्हापूर