आपला पुतळा कोणता?

वाचकहो, उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे येतात आणि घरात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले प्रश्न उघडे करून जातात. यंदा आमच्या तारनाक्याच्या घरीही तेच घडले. पुण्याहून अकरा वर्षांची नात आली होती. तिला पोचवायला आलेल्या चिरंजीवांनी जेवताना नेहमीचा विषय काढला. ‘‘बाबा, आता हे घर विका आणि तुम्ही दोघे पुण्यालाच या. इथे आपले असे आहे तरी काय?’’ मी नेहमीप्रमाणे ताकाची वाटी पुढे ओढली आणि उत्तर टाळले. चिरंजीव दुसऱ्या दिवशी परत गेले. पण तो प्रश्न नातीच्या मनात राहिला असावा. तिने तो आपल्या परीने विचारला, ‘‘आजोबा, पुण्यात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, टिळकांचा आहे. या गावात आपला पुतळा कोणता?’’

सारा जन्म या गावात गेला, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा आजी-आजोबांच्या मुलखाची ओळख करून द्यावी, या निमित्ताने मी तिला दोन दिवस सकाळी बाहेर काढले. त्या दोन फेरफटक्यांत जे पाहिले ते आपणांपुढे ठेवतो.

पहिल्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी आम्ही उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात शिरलो. वाटेत तिला तारनाक्याच्या नावाची कथा सांगितली. इथे एकेकाळी मोठी आमराई होती, तिला तारेचे कुंपण होते आणि त्या कुंपणापाशी पहाऱ्याचा नाका होता, असे जुने लोक सांगत. ‘तार’ आणि ‘नाका’ हे दोन्ही शब्द मराठी मुलीला समजावून सांगावे लागले नाहीत. ही जमीन माहलका बाई चंदा या कवयित्रीच्या जहागिरीतली. १८२४ साली ती वारली. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी आपल्या आईसाठी तिने जी कबर बांधली, तिच्या शेजारीच ती विसावली आहे. विद्यापीठाच्या परिसरात तिच्या नावाने ओळखली जाणारी पायऱ्यांची एक विहीर अजून आहे. तिच्या रानावर पुढे हजारो मुले शिकली. त्यांतील कितीजणांना तिचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

मग आर्ट्‌स कॉलेजची ती गुलाबी ग्रॅनाइटची भव्य वास्तू समोर आली. हिचा आराखडा एर्न्स्ट जास्पर या बेल्जियन स्थापत्यकाराचा. कैरोजवळच्या हेलिओपोलिस नगरीत त्याने मोठे काम केले होते. १९३४ मध्ये पायाभरणी झाली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. नातीला मी खांबांजवळ नेले आणि विचारले, ‘‘असे खांब कुठे पाहिलेस?’’ तिने क्षणभर निरखले आणि म्हणाली, ‘‘वेरूळला! आमची सहल गेली होती.’’

पोरीने बरोबर ओळखले. कमानी इस्लामी वळणाच्या, पण खांब आणि त्यांवरील तुळयांची घडण अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची आठवण करून देणारी. ती लेणी तेव्हा निजामाच्या राज्यातच होती आणि मराठवाड्याचे पाच जिल्हेही. माझे वडील परभणीहून रेल्वेने काचीगुड्याला उतरले आणि या विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकले. नवी इमारत उघडली तेव्हा ते येथेच विद्यार्थी होते. वेरूळ त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते. ‘‘वेरूळचे खांब मी आधी हैदराबादेत पाहिले आणि मग वेरूळला,’’ असे ते हसत हसत सांगत. मराठवाड्यातून आलेल्या गरीब मुलाला परक्या शहरातल्या त्या खांबांनी धीर दिला असला पाहिजे.

वास्तू सुंदर असली तरी तिच्या उभारणीचे दिवस सुखाचे नव्हते, हेही नातीला सांगणे भाग होते. १९३८ च्या नोव्हेंबरात वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि अनेकांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यांत मराठी होते, तेलुगू होते, कानडी होते. त्यांना दारे उघडली ती नागपूर विद्यापीठाने. माझे वडील त्या मुलांत नव्हते. त्यांनी मान खाली घालून शिक्षण पुरे केले. हे ते क्वचितच बोलत, आणि बोलले की बराच वेळ गप्प बसत. त्या दिवशी प्रथमच मी ही गोष्ट घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेन सागराच्या बांधावर गेलो. १९८० च्या दशकात मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी येथे ३३ थोरांचे पुतळे उभे केले. नन्नय, तिक्कन, पोतन, वेमन, मोल्ल, अन्नमाचार्य, त्यागराज. नात एकेक नाव वाचीत होती आणि हळूहळू तिचा चेहरा उतरत होता. ‘‘आजोबा, यांत आपले कुणीच नाही.’’ आणि तेवढ्यात एका पुतळ्यापाशी ती थबकली. शालिवाहन!

आमच्या देवघरात पूजेच्या संकल्पात ज्याचे नाव आपण घेतो, ज्याच्या शकाने आपले पंचांग चालते, तो पैठणचा शालिवाहन येथे तेलुगू थोरांच्या रांगेत उभा आहे. मी तिला सांगितले, शक नेमका कोणी सुरू केला याविषयी पंडितांचे मतभेद आहेत. पण ज्या सातवाहन घराण्याशी लोकांनी त्याचे नाते जोडले, त्याची राजधानी गोदाकाठचे पैठण, त्याचा थोर शिलालेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आणि त्याच्या आरंभीच्या राजांची नाणी तेलंगणातील कोटिलिंगाल येथे गोदावरीच्याच काठी सापडलेली. पुराणे त्या राजांना ‘आंध्र’ म्हणतात. त्यांच्यातील हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती मात्र महाराष्ट्री प्राकृतात आहे. मग तो कुणाचा? आमच्या शेजारच्या तेलुगू कुटुंबाचा उगादी आणि आमचा पाडवा एकाच दिवशी येतो. त्यांच्याकडून बोब्बट्लू येतात, आमच्याकडून पुरणपोळी जाते, आणि पदार्थ एकच असल्यामुळे ताटे नुसती अदलाबदल होतात!

पण पुतळ्यांच्या निवडीने दुखावलेली मनेही असतात. १० मार्च २०११ रोजी तेलंगण आंदोलनाच्या वेळी याच बांधावरील अनेक पुतळे जमावाने पाडले. या रांगेत आमच्या भागातल्या माणसांना पुरेशी जागा नाही, ही त्यामागची तक्रार होती. पुढे पुतळे पुन्हा उभारले गेले आणि २०१४ मध्ये तेलंगण राज्यही झाले. दगडाची मोडतोड मला तेव्हा रुचली नव्हती, आजही रुचत नाही. परंतु नातीचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर त्या तक्रारीतली वेदना मला थोडी अधिक कळली. ज्या गावात आपण राहतो, तेथे आपली खूण असावी असे कुणाला वाटत नाही?

पाण्यात मधोमध बुद्धाची सुमारे ५८ फूट उंचीची अखंड पाषाणाची मूर्ती शांत उभी होती. १० मार्च १९९० रोजी ती नेत असताना तराफा कलंडला, माणसे प्राणांस मुकली आणि मूर्ती दोन वर्षांहून अधिक काळ तळाशी पडून राहिली. १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढून उभारली गेली.

परतताना तळ्याच्या दुसऱ्या काठाने आलो. तेथे २०२१ साली उभारलेला पी. व्ही. नरसिंह राव यांचा २६ फुटी पुतळा आहे. माजी पंतप्रधान म्हणून नातीला ते शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होते. मी तिला एवढेच सांगितले की, वंदे मातरम्‌च्या चळवळीनंतर नागपुरास शिकायला गेलेल्यांपैकी हे एक. आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेणारे हेच. यमूची कहाणी तेलुगू घरांतून वाचली गेली ती यांच्यामुळे. नात पुतळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

त्या रात्री पुण्याहून फोन आला. आमच्या कानांवर एकच बाजू पडत होती. ‘‘बाबा, सापडला... हो, शालिवाहन... नाही, एकट्या आपला नाही, शेजारच्यांचापण आहे... खांबसुद्धा आहेत, पणजोबांचे. तुम्ही पाहिलेत का कधी?’’

पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. पण चिरंजीव याच घरात लहानाचे मोठे झाले, आणि त्यांना मी कधी त्या खांबांपाशी नेले नव्हते, हे मला त्या क्षणी आठवले. नोकरी, बदल्या, रविवारची दळणे यांत ते राहून गेले. इथे आपले काय आहे, हे त्यांना ठाऊक नसेल, तर दोष त्यांचा कसा म्हणावा?

घराचे काय ते यथावकाश ठरेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हाच विषय निघत असेल; मुले पुण्या-मुंबईला किंवा त्याहूनही दूर गेलेली, आणि मागे दोन म्हातारी माणसे व एक घर. विकायचे की ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ते ठरण्यापूर्वी एकदा मुलांना आणि नातवंडांना बोटाला धरून गावातून हिंडवून आणावे, एवढीच विनंती. दिवाळीत चिरंजीव येणार आहेत. पहिल्या सकाळी त्यांना घेऊन आर्ट्‌स कॉलेजला जायचे, असे मी आणि नातीने ठरवून ठेवले आहे.