कुटुंबाचे आरोग्य : ताप उतरल्यानंतरची काळजी

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी उभारले. तंजावरच्या मराठे राजांच्या छत्रांत आजारी वाटसरूला औषध व पथ्याचे अन्न मिळे, तेही तो बरा होईपर्यंत. परंतु बालपणातील एक व्याधी अशी आहे की, मूल बरे झालेले दिसल्यानंतरही तिची काळजी संपत नाही.

तिचे नाव कावासाकी व्याधी. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ साली तिचा पहिला रुग्ण पाहिला व १९६७ साली ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होते. ताप पाच दिवस वा अधिक टिकतो. डोळे लाल होतात, पण चिपडे धरत नाहीत. ओठ फुटतात, जीभ लालभडक होते, पुरळ उठते, हातपाय सुजतात, मानेत गाठ येते. सर्वच लक्षणे दिसतील असे नाही, विशेषतः तान्ह्या मुलांत.

या व्याधीत रक्तवाहिन्यांचा दाह होतो. उपचार न झाल्यास सुमारे एकचतुर्थांश मुलांत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींना फुगे येतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिल्यास हा धोका पुष्कळ घटतो.

ताप उतरल्यावर दीड-दोन महिन्यांनी हृदयाची इकोकार्डिओग्राफी पुन्हा करावी लागते. रोहिणी निर्दोष असल्यास अ‍ॅस्पिरिन बहुधा तेव्हा थांबवितात. फुगा असल्यास ते चालू राहते. मोठ्या फुग्यात रक्त साकळण्याचे भय असते. म्हणून रक्त गोठू न देणारे आणखी औषध द्यावे लागते. लहान फुगे पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आकसतात. तरी रोहिणीची भिंत पूर्ववत होतेच असे नाही. तपासणी सोडू नये.

पालकांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने वाढवू वा थांबवू नये. ते चालू असता फ्लू किंवा कांजिण्या झाल्यास अथवा घरात कोणास झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. क्वचित मेंदू व यकृत यांना गंभीर इजा संभवते. आयब्युप्रोफेन विचारल्याविना देऊ नये. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर व कांजिण्यांच्या लशी बहुधा अकरा महिने लांबवितात. छातीत दुखणे, घेरी, धाप, किंवा तान्ह्या मुलाचा अकारण आक्रोश व फिकटपणा दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे.

मुलाला खेळापासून उगीच तोडू नये. कोणता खेळ चालेल, हे डॉक्टरांना विचारावे. सर्व तपासण्यांचे कागद एका वहीत जपावेत आणि मूल सज्ञान झाल्यावर ती वही त्याच्या स्वाधीन करावी. पुढे ज्या डॉक्टरांकडे ते जाईल, त्यांना ही माहिती हवीच असते.