पेटीचा सूर आणि शेजारची भिंत

दुकान वाढवून, हिशेब मिटवून नांदेडच्या वजिराबादेतला किंवा लातूरच्या गंजगोलाईतला व्यापारी घरी पोचतो, तेव्हा बहुधा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. पर्युषणातील स्तवनांची तालीम करावयाची, तर पेटी उघडण्यास मोकळा वेळ तेवढाच. नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडे कोणी निजलेले असते. लातुरात तर ‘नीट’च्या तयारीसाठी परगावाहून आलेला एखादा विद्यार्थी तिथे भाड्याने राहत असतो, त्याच्या वर्षाचे मोल स्तवनाच्या तालमीपेक्षा उणे कसे मानावे? सामायिकास बसलेल्या वृद्धेच्या ४८ मिनिटांचेही तेच.

सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पावणेदहाला वाजविलेली पेटी त्या रात्रीत मोडत नाही, परंतु एवढ्याने शेजाऱ्याची तक्रार संपत नाही.

जाड पडदे लावले की आवाज अडतो, हा समज चुकीचा आहे. पडद्याने खोलीतील घुमणे कमी होते. बाहेर जाणारा आवाज बहुतांशी तसाच जातो. तो दाराखालच्या फटीतून व झरोक्यातून निसटतो. डग्ग्याचा खर्ज तर फरशीतून खालच्या मजल्यावर उतरतो. म्हणून तबल्याखाली जाड रबरी चटई आणि तिच्यावर घडी घातलेली सतरंजी हवी. पेटी सामाईक भिंतीस टेकवू नये. तिथे कपड्यांनी भरलेले कपाट उभे करावे. पेटीचे मोजकेच स्टॉप ओढावेत, कपलर बंद ठेवावा, भाता हलका चालवावा. तबल्याचे बोल तोंडाने म्हणत हातावर ताल धरला तरी पुष्कळ रियाज होतो. बासरीला मात्र असा उपाय नाही.

शेजारच्या गर्भवती स्त्रीस त्रास नको म्हणून न्यूयॉर्कचे सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स १९५९ ते १९६१ या काळात विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करीत. नांदेडकरास गोदावरीचा घाट आहे. लातूर शहरास तसा काठ नाही. तिथे मंदिराच्या किंवा उपाश्रयाच्या विश्वस्तांकडे सभागृहाचा तासभर मागता येतो. तेही न जमल्यास शेजारच्या विद्यार्थ्यालाच त्याच्या शिकवणीची वेळ विचारून घ्यावी. ती दुपारची निघाली, तर आठवड्यातून दोन दिवस गल्ल्यावर मुलाला बसवावे लागेल.