झुडपी जंगलातला कचरा आणि आपले वाचन

मराठी वृत्तपत्रांत एक ठरीव शब्दप्रयोग आहे: ‘अश्लील चाळे’. शहराबाहेरची टेकडी, तलावाचा काठ, उद्यानाचा मागचा कोपरा यांविषयीच्या बातमीत तो हमखास येतो, आणि त्याच्या मागोमाग ‘अड्डा’ व ‘बंदोबस्त’ हे आणखी दोन शब्द येतात. या तिघांच्या मध्ये पुष्कळदा चौथा शब्द बसवलेला असतो, तो म्हणजे ‘कचरा’. कचऱ्याची तक्रार खरी असते. परंतु वाक्य पूर्ण होईपर्यंत बाटल्या आणि पिशव्या मागे पडतात, आणि तिथे येणारी माणसेच कचरा ठरतात. भाषा शिकवणाऱ्यांनी या वाक्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या आडरानात पुरुष पुरुषांना भेटायला जातात, तिथलाही कचरा उचलला गेला पाहिजे, आणि स्वयंसेवकांनी तो उचलावा. मात्र उचलणाऱ्याने कचराच उचलावा. माणूस उचलू नये.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथचा पश्चिमेकडचा झाडीचा भाग अशा भेटींसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. ॲमस्टरडॅममध्ये २००८ साली व्होंडेलपार्क या उद्यानाविषयी स्थानिक प्रशासनातून एक प्रस्ताव पुढे आला होता. उद्यानात होणारे शरीरसंबंध चालू द्यावेत. मात्र ते संध्याकाळी व रात्रीच असावेत, मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर असावेत आणि आपला कचरा ज्याने त्याने उचलून न्यावा, अशा त्याच्या अटी होत्या. त्यावर मोठा वाद झाला. तो प्रस्ताव चंद्रपुरात मांडा, असे आम्ही सुचवत नाही. आम्हांला त्यातला विवेक महत्त्वाचा वाटतो. त्या अटी वेळेबद्दल, अंतराबद्दल आणि कचऱ्याबद्दल आहेत. येणारा कोण आहे, याबद्दल एकही अट नाही.

आता आपल्याकडे येऊ. पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ नावाचा जमिनीचा एक प्रकार आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ही जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर भरते. धड शेत नाही, धड अरण्य नाही. बोरी-बाभळीची, खुरट्या पळसाची, गुरे चारण्याची ही जमीन. ती वन आहे की नाही हा वाद कित्येक वर्षे चालला आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वन संवर्धन कायद्याच्या दृष्टीने वनच मानावी असा निर्णय दिला. व्याघ्रप्रकल्पाचे दाट अरण्य फाटकाच्या आत असते, तिथे तिकीट आणि मार्गदर्शक लागतो. गावाला आणि शहराला खेटून असते ते हे झुडूप. घरात ज्याला जागा नाही, ते सगळे इथे येते.

त्यात केवळ प्रेम येते असे कोणी समजू नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या काळात बाटली लपवायची जागा कोणती, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. दुसरीकडे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ होते. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना त्याने ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा ठरवले होते. म्हणजे २०१५ ते २०१८ ही काही वर्षे चंद्रपूरच्या झुडपाने दोन बंद्या एकाच वेळी पोटात घेतल्या. तिथला कचरा हा एका अर्थाने आपल्या निषेधांचा दप्तरखाना आहे.

हा दप्तरखाना वाचायचा कसा? आमच्यापैकी काहींनी राष्ट्रीय सेवा योजनेत काम केले आहे. शिबिरात मुलांच्या हाती काय लागते ते ठरलेले असते: खर्ऱ्याच्या पन्न्या, असंख्य पन्न्या, पाण्याचे पाउच, दारूच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी, आणि एखादा वापरलेला निरोध. पन्नी शंभर वेळा उचलूनही कोणी काही बोलत नाही. निरोध दिसला की मुले हसतात, मुली मान वळवतात आणि सगळे शिक्षकाकडे पाहतात. त्या क्षणी एक वाचन सुरू होते. हा कोणाचा, कशासाठी, कोणाबरोबर? वस्तुतः निरोधावर यातले काहीही लिहिलेले नसते. तो नवरा-बायकोचाही असू शकतो, प्रेमी युगुलाचाही आणि दोन पुरुषांचाही. संहितेत नसलेला अर्थ वाचकाने आपल्या पूर्वग्रहातून आणून तिच्यावर लादणे, याला आपण वर्गात अतिवाचन म्हणतो. झुडपात मात्र त्यालाच आपण पुरावा म्हणतो.

हे पुरावा मानणे किती महागात पडते, ते लखनौत २००१ च्या जुलैमध्ये दिसले. एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी अटक केली, आणि ते कित्येक आठवडे तुरुंगात राहिले. आरोग्यशिक्षणाचे साहित्यच त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस नाझ फाउंडेशन (इंडिया) या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला आव्हान दिले. या कलमामुळे एड्सविरोधी काम अशक्य होते, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट, पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट आणि नागपुरात सारथी ट्रस्ट यांनी अशाच माणसांमध्ये आरोग्याचे काम केले आहे. झुडपात पडलेला निरोध हा कचरा आहे, यात शंका नाही. पण कोणीतरी स्वतःची आणि दुसऱ्याची काळजी घेतल्याची ती खूणही आहे. तो उचलताना लाज वाटून घ्यावी असे त्यात काही नाही.

२०१८ च्या निकालाने संमतीच्या खासगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु ‘खासगी’ हा शब्द ज्याच्याकडे खोली आहे त्याच्याच उपयोगाचा. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घरातल्या मुलाला, वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला, लग्न करून बसलेल्या चाळिशीतल्या माणसाला ती खोली कुठून मिळणार? लॉजवर ओळखपत्र द्यावे लागते आणि त्याहून अवघड प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. उघड्यावरच्या असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० आहेच. सार्वजनिक जागेची मर्यादा आम्ही मान्य करतो. पण ज्याला दारच नाही त्याला ‘दार लावून घे’ असे सांगणे हा न्याय नव्हे, एवढे तरी लक्षात ठेवावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. रान हे कोणाच्या भेटीसाठी राखलेले नाही. आपल्या जिल्ह्यांत रान ही सर्वांत आधी कामाची जागा आहे, आणि ते काम बहुतेक बायका करतात: सरपण, मोहफुले, तेंदूपाने. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्यांना पोटासाठी असे जीव मुठीत धरून रानात जावे लागते, त्यांच्या वाटेत फुटक्या बाटल्या आणि वापरलेले निरोध पडलेले असावेत, हे कोणत्याही स्वातंत्र्याच्या नावाने खपवून घेता येणार नाही. शिवाय झुडपातले स्वातंत्र्य पुरुषांचे आहे. अंधार पडल्यावर आडरानात एकटे जाणे ही चैन बाईला परवडत नाही, मग तिचे प्रेम कोणावरही असो. हे सारे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. बायकांची तक्रार कचऱ्याविषयी, भीतीविषयी आणि वाटेविषयी आहे; तिचे उत्तर कचरा उचलून, वाट मोकळी ठेवून आणि त्रास देणाऱ्याला, तो कोणीही असो, अडवून द्यायचे असते. कोपऱ्यात शांतपणे बसलेल्या दोघांची छायाचित्रे काढून ते मिळत नाही.

आणि ‘साफ करणे’ या क्रियापदाचा आणखी एक धोका आहे. मोहीम सुरू झाली की आधी कचरा साफ होतो, मग उत्साहात झुडूपच साफ होते. तित्तिर आणि ससा यांचे घर जाते, मातीला धरून ठेवणारी मुळे जातात, आणि उरते ते दिवाबत्ती केलेले मैदान. आडोसा नको म्हणून झाडी तोडणे हा पर्यावरणाच्या नावाने केलेला पर्यावरणाचाच घात आहे.

मराठी साहित्याने या जागेकडे पाहिले आहे काय? आपल्याकडे वनाचे लेखन समृद्ध आहे. माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आहे, चितमपल्लींच्या ‘रानवाटा’ आहेत. त्यातले रान माणसाच्या वासनेपासून बहुधा मुक्त असते. दुसऱ्या बाजूला समलिंगी प्रेमाचे लेखन आहे: तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’ लिहिले, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. या कलाकृतींचे मोल आम्ही जाणतो. परंतु त्यांचे जग बहुतांशी महाविद्यालयाचे, घराचे, भाड्याने दिलेल्या खोलीचे, म्हणजे भिंती असलेले आहे. ज्याच्याकडे भिंती नाहीत त्या माणसाची कथा या दोन परंपरांच्या मधल्या झुडपातच राहिली. तो शब्दांत आला तो फक्त बातमीतून, ‘अश्लील चाळे’ करणारा म्हणून. माडिया-गोंडांच्या गोटुलाविषयीही बाहेरच्यांनी पुष्कळ काळ असेच लिहिले. त्यांना तिथे स्वैराचार तेवढा दिसला आणि तरुणांना घडवणारी संस्था दिसली नाही.

श्रमदानाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७ च्या मार्चपासून गोंडकालीन किल्ल्याचा परकोट महिनोन् महिने स्वच्छ केला. त्याही मागे गाडगेबाबांचा खराटा आहे. बाबा गावात शिरले की आधी झाडायला लागत, ही घाण कोणी केली असे विचारत बसत नसत. प्रश्न ते रात्री कीर्तनात विचारत, आणि ते सगळ्यांना विचारत. खराटा रस्त्यासाठी आणि प्रश्न मनासाठी, ही त्यांची विभागणी होती. खराट्याने माणसे झाडावीत असे त्यांच्या कीर्तनात कुठेच नव्हते.

तेव्हा जी मंडळी झुडपात उतरणार आहेत, त्यांच्यासाठी साधे नियम पुरेत. हातमोजे आणि चिमटा वापरावा. दिवसा जावे. छायाचित्र काढलेच तर पोत्यांचे काढावे, माणसांचे नाही. अहवालात काय मिळाले ते लिहावे, कोणाचे असेल ते लिहू नये. जागेचे नाव वृत्तपत्राला देऊ नये, झाडाला विळा लावू नये. जमल्यास एक कचराकुंडी ठेवावी आणि ती वेळेवर रिकामी करावी. तिचा वापर करणाऱ्यांत ती माणसेही असतील, कारण रान घाण व्हावे असे त्यांनाही वाटत नाही. मुले हसली तर मास्तरांनी एवढेच म्हणावे की हीही एक वस्तू आहे, पोत्यात टाक आणि पुढे चल.