विश्लेषण : रॅम बदलली आणि लॅपटॉप सुरूच होईना… मदरबोर्ड खरेच गेला का?

माझी भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार जीबी रॅमवर रखडत चालणाऱ्या लॅपटॉपला कंटाळून तिने आठ जीबीची नवी पट्टी मागवली आणि व्हिडीओ बघून स्वतःच बसवली. बटण दाबले, दिवा लागला, पंखाही फिरला. स्क्रीन मात्र काळीच. प्रकल्प सादर करायला तीन दिवस उरले होते. दुरुस्तीच्या दुकानात पाच मिनिटांत निदान झाले, ‘मदरबोर्ड गेलाय. अकरा हजार होतील.’

घरी आणून नवी पट्टी काढली आणि जुनी बसवली. लॅपटॉप सुरू झाला! मग नवी पट्टी शेवटपर्यंत आत सरकवून बसवली, तीही चालली. अकरा हजारांचा बिघाड म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर राहिलेली पट्टी होती.

म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे. जुनी रॅम परत लावून पाहिल्याशिवाय मदरबोर्डच्या नावाने एक रुपयाही देऊ नये.

स्क्रीन काळी का राहते?

बटण दाबल्यावर विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा बायॉस प्रोसेसर आणि रॅम तपासतो. रॅम सापडली नाही किंवा तिच्याशी जमले नाही, तर गाडी तिथेच थांबते. त्यामुळे ‘विंडोज पुन्हा टाकू’ हा यावरचा उपाय नाही. तुमचे फोटो, फायली हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर असतात. रॅम न चालल्याने त्या पुसल्या जात नाहीत. काही लॅपटॉप अशा वेळी बीप वाजवतात किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात. ते मोजून ठेवा. त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या मदत पानावर मिळतो.

थोडे थांबून पाहावे का?

जरूर. नवी रॅम दिसली की लॅपटॉप तिचा वेग आणि वेळा जुळवून घेतो. डीडीआर५ रॅममध्ये याला काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. घाबरून बटण दाबत राहिलो, तर ही जुळणी अर्धवट राहते. चार्जर लावून दहा मिनिटे शांत बसा.

तरीही सुरू झाला नाही तर?

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि शक्य असल्यास आतल्या बॅटरीची जोडणीही सोडवा. बॅटरी जोडलेली असताना रॅम काढणे-घालणे हा धोका आहे. मग पॉवरचे बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला वीजभार निघून जातो.

आता पट्टी काढा. सोनेरी टोकांना बोट लावू नका. पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ आवाज यायला हवा. सगळी गफलत बहुधा इथेच होते.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा आणि स्लॉटही बदलून पाहा. नवी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चालत नाही आणि जुनी चालते, तर दोष पट्टीचा आहे किंवा ती या लॅपटॉपला चालणारी नाही. एका स्लॉटमध्ये कोणतीच चालत नसेल, तर स्लॉट तपासून घ्यावा. दोन्ही सुट्या चालतात, पण एकत्र चालत नाहीत, तर त्यांचे एकमेकींशी पटत नाही.

पट्टी चुकीची आली असेल तर?

लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात. खाचेची जागाही वेगळी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीच वेगळी आहे. खरी फसगत डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत होते. दोन्हींची खाच सारखीच, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. फक्त कमी व्होल्टची रॅम घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ नीट बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही. शिवाय प्रत्येक मॉडेलची कमाल रॅमची मर्यादा असते.

कधी बायॉस जुना असल्यानेही नवी पट्टी ओळखली जात नाही. अशा वेळी जुनी रॅम लावून बायॉस अद्ययावत करा. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ आहे ना, हे बघा. नाहीतर एक अडचण सुटून दुसरी उभी राहायची.

दुकानात काय विचारावे?

जुन्या रॅमवरही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर मदरबोर्डची शंका रास्त आहे. प्रामाणिक कारागीर गावोगावी आहेत आणि आपल्याच चुकीने बोर्ड जळतो, हेही घडते. पण निदान आपल्यासमोर व्हावे, खर्चाचा अंदाज लेखी मिळावा आणि काढलेला भाग परत मिळावा, एवढे मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मग कंपन्यांचे काय?

अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. तिथे पट्टी बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. कमी पडली तर लॅपटॉपच बदला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, ही चांगली गोष्ट. आता ‘रॅम वाढवता येते की नाही आणि किती’ हे खोक्यावर ठळक छापण्याची सक्तीही व्हावी. किंमत ठरवताना ग्राहकाला जेवढा प्रोसेसर कळायला हवा, तेवढेच हेही कळायला हवे.

तोवर एक पथ्य पाळा. नवी रॅम बसवली तरी जुनी पट्टी लगेच विकू नका, कुणाला देऊ नका. कागदात गुंडाळून खणात ठेवा. उद्या स्क्रीन काळी झाली, तर पहिले खात्रीचे निदान तीच करेल.